मी पाहिलं, असं म्हणालो

डॉक्टरांनी ताईचं मीठ बंद केलं त्याच दिवशी आईनं सगळ्या घराचं मीठ बंद केलं. मिठाची बरणी तिनं शेजारच्या गायकवाडमावशींकडे नेऊन दिली आणि परत येऊन म्हणाली, "तिच्या एकटीच्या ताटात बेचव आणि आपल्या ताटात चव, असं माझ्या घरात चालायचं नाही." त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आम्ही चौघं अळणी जेवलो. वरण अळणी, भाकरी अळणी, रविवारी बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, केले तर तेही अळणी. बाबा लिंबू पिळून घेत आणि मुकाट्यानं जेवत. मीही घरात तसाच जेवत असे, पण शाळेतून येताना बसस्टँडजवळच्या गाड्यावर वर सेव पेरलेले पोहे खायचो आणि घरात शिरण्याआधी चर्चच्या आवारातल्या नळावर तोंड धुवून घ्यायचो. माझ्या खोटेपणाचा उगम कुठं, असं कुणी विचारलं तर मी त्या नळाकडे बोट दाखवीन.

आम्ही मध्य प्रदेशात, धारला चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबा दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या. त्यांच्या हातांना कायम औषधी पाण्याचा वास यायचा. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. दोघंही लग्नानंतर महाराष्ट्रातून इकडे आलेले. रूथताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तो गेला, पण जाताना तिच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. ती आडवी झोपू शकत नसे. तीन उशा पाठीशी लावून बसल्या बसल्या झोपायची. तिचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो मध्येच हलका झाला तर तिघंही हातातलं काम थांबवून कान देत असू. खिडकीतून कडुलिंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा दिसायचा. तीच आमची घंटा. चौकीदार तो लोखंडी सळईनं वाजवायचा, आणि दर वेळी ताई म्हणायची, "हळू मार रे बाबा, देव काय बहिरा आहे?"

रविवारची उपासना हिंदीत होत असे, कारण मंडळीतले बहुतेक लोक कुक्षीकडच्या गावांमधून आलेले. आमची मराठी घरं सातच. पण ही सात घरं दर गुरुवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाकडे जमत, आणि त्या सभेत हिंदीचा एक शब्द चालत नसे. मोठ्या माणसांना भीती होती की मुलं प्रार्थना करायलासुद्धा परकी होतील. भीती खोटी नव्हती. शाळेत हिंदी, गल्लीत माळवी, आणि मराठी फक्त आईचं रागावणं समजण्यापुरती, अशी आम्हा मुलांची गत. सभेचा एक रिवाज होता. ज्यानं पहिलं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं आहे, त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. त्या आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते मराठीत सांगायचं. कुणी सुटायचं नाही. गायकवाडमावशींचं दूध उन्हाळ्यात नासलं नाही, हीसुद्धा साक्ष असे. एकदा वाघमारेकाकांनी हरवलेला चष्मा डोक्यावरच सापडल्याची साक्ष दिली होती, आणि सगळ्यांनी मनापासून "आमेन" म्हटलं होतं.

मला काही सुचत नसे. तीन महिने मी एकच वाक्य म्हणत होतो, "प्रभूनं मला आठवडाभर सांभाळलं म्हणून मी त्याचे आभार मानतो." सभा चालवणारे साळवेकाका हे निवृत्त मास्तर. त्यांनी एका गुरुवारी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनोहर, प्रभू तुला सांभाळतोय हे आम्हाला दिसतंच आहे, गाल वर आलेत तुझे. पुढच्या वेळी काहीतरी नवीन सांग, राजा." सगळे हसले. ताईसुद्धा हसली आणि हसल्यामुळे तिला दम लागला. मी खाली बसलो तेव्हा माझे कान जळत होते.

त्याच आठवड्यात एक पत्र आलं होतं. बाबांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खटपट करून दूरच्या एका मोठ्या इस्पितळात ताईचा ऑपरेशनसाठी नंबर लावला होता. लेंताच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल व्हायचं होतं. खात्री कुणी देत नव्हतं. झडप दुरुस्त झाली तर पोरगी चार पायऱ्या चढू शकेल, आणि टेबलावर काही झालं तर जबाबदारी आमची, असं लिहून घेणार होते. बाबा जाण्याच्या बाजूचे होते. आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. पत्र तिनं पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या पुस्तकात ठेवलं होतं. रोज पुस्तक उघडायची, पत्र बाजूला सारून वाचायची आणि पुन्हा झाकायची. त्या दिवसांत तिचा चेहरा मी एकदाही सैल झालेला पाहिला नाही.

पुढच्या गुरुवारी सभा गायकवाडमावशींकडे होती. पेटीवर गीत झालं, प्रार्थना झाली, साक्षी सुरू झाल्या. माझा नंबर आला. साळवेकाका म्हणाले, "हं, आता मनोहर. काही नवीन?" मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंगळवारी पहाटे प्रार्थना करत असताना मी रूथताईला पाहिलं. ती ईस्टरच्या सकाळी कबरस्थानात सगळ्यांबरोबर उभी राहून गात होती. तिला दम लागत नव्हता. आणि मला वाणी ऐकू आली की ही माझ्या सामर्थ्यानं उभी राहील." एवढंच. मी ते दुपारी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठ केलं होतं.

का केलं, हे मी चाळीस वर्षं स्वतःला विचारत आलो आहे. टोमणा जिव्हारी लागला होता, हे खरं. आईचा चेहरा सैल व्हावा असं वाटत होतं, हेही खरं. दुसरं कारण बरं दिसतं म्हणून मी ते पुढं करत असतो, पण कोणतं जास्त होतं ते देवच जाणे. माझं बोलणं संपलं. मग साळवेकाकांनी चष्मा काढला आणि आईनं हुंदका दिला. तिथंच मला म्हणता आलं असतं, "थांबा." पण आई माझ्याकडे येत होती. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि तिचा चेहरा मला हवा होता तसा झाला होता.

घरी आल्यावर तिनं पुस्तकातलं पत्र काढून बाबांच्या हातात दिलं. "कळवा त्यांना, येत नाही म्हणून."

बाबा म्हणाले, "अगं, डॉक्टर पण देवानंच दिलेत ना?"

"दिलेत. पण शब्द दिल्यावर पण आपण चाकूकडेच धावायचं का? मग शब्द कशाला दिला त्यानं?"

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पट्ट्या धूत होते. मला बोलावलं. हात पुसले. "मनू, माझ्याकडे बघ. खरंच पाहिलंस?"

मी म्हणालो, "हो बाबा."

त्यांनी धुतलेल्या पट्ट्या उचलल्या. मग म्हणाले, "मग ठीक," आणि त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकून आले. सभेतलं खोटं मी कदाचित घाईत बोललो असेन, पण हे दुसरं खोटं मी एका सज्जन माणसाच्या डोळ्यांत पाहून बोललो. मला झोपेतून जागं करतं ते हे दुसरं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताईच्या पायांवर सूज चढत गेली. तीन उशांच्या चार झाल्या. आणि इकडे माझी कीर्ती पसरत होती. रविवारी उपासनेनंतर कुक्षीकडची माणसं मला गाठत. एक म्हातारा आपल्या आंधळ्या होत चाललेल्या बायकोला घेऊन आला आणि मला म्हणाला, "भिया, थारो हाथ धर दे इनका माथा पे." मी हात ठेवला. काय करणार होतो? तिनं डोळे मिटून माझे हात कपाळाशी दाबून धरले. ती गेल्यावर मी त्याच नळावर जाऊन हात धुतले. शाळेतले मित्र मला "क्यों पैगंबर साब" म्हणून चिडवायचे. घरात मला मराठीची शिकवणी, भांडी घासणं, सगळं माफ झालं होतं. आई माझ्या ताटात पहिली भाकरी वाढायची.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी आई-बाबा चर्चमध्ये गेले होते आणि मी ताईजवळ होतो. मी तिला संत्रं सोलून देत होतो. ती फोडी चोखून बाजूला ठेवत होती. मध्येच म्हणाली, "मनू, ती साक्ष तू कुठं लिहून काढली होतीस?"

"कशावरून म्हणतेस?"

"इतकं शुद्ध मराठी तू जन्मात बोलला नाहीस रे. एक 'मतलब' नाही, एक 'वैसे' नाही. देवाला काय आपल्या साळवेकाकांनी शिकवलंय?" ती हसली आणि मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिली.

मी रडायला लागलो. "ताई, मी आत्ता जाऊन बाबांना सांगतो. अजून जाता येईल. ते पुन्हा नंबर लावतील."

"आता नाही रे. मला नळापर्यंत जाता येत नाही, तिथं कुठं जाणार?"

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस, यार?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "कारण मला जायचं नव्हतं. छाती उघडतात रे तिथं. मला भीती वाटत होती. तू पळवाट काढून दिलीस, मी घेतली. म्हणून सगळं एकट्यानं स्वतःकडे घेऊ नकोस. थोडं माझ्या नावावर राहू दे."

मी विचारलं, "आता नाही वाटत भीती?"

"वाटते की. रोज वाटते. दम लागला की जास्त." मग तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "पण मी उठणार आहे, मनू. ईस्टरच्या दिवशी नाही, पण उठणार आहे. ते तू सांगितलंस म्हणून नाही. ते तुझ्या कितीतरी आधी सांगून झालंय. मला काळजी आहे ती आईची. मी गेले की ती देवाला खोटारडा म्हणेल. खोटारडा देव नाही, तू आहेस. हे तिला सांग. मी असताना सांगितलंस तर बरं. नाहीच जमलं तर नंतर सांग. पण सांगच."

मी कबूल केलं. आणि आठवडाभर सांगितलं नाही. गुरुवारी प्रभुभोजनाच्या संध्याकाळी आई माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली होती. तिच्या ओठांवर ताईचं नाव होतं. माझ्याच्यानं बोलवलं नाही.

आमच्याकडे ईस्टरची उपासना पहाटे कबरस्थानात होते. लोक आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशी साफ करतात, पहाटे तिथं मेणबत्त्या लावतात, आणि उजाडताना गीतं होतात. त्या वर्षी बाबा आणि वाघमारेकाकांनी ताईला खुर्चीत बसवून उचलून नेलं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. सगळे माझ्या शब्दावर आले होते. उपदेश कुणी ऐकत होतं असं मला वाटत नाही. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले तेव्हा आई खुर्चीसमोर गेली आणि हलकेच म्हणाली, "ऊठ, बाळा."

ताईनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती माझी वाट पाहत होती. मी जमिनीकडे पाहिलं. मग तिनं बाबांचा खांदा धरला, खुर्चीच्या हातावर भार दिला आणि उभी राहिली. एक कडवं होईपर्यंत उभी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. लोक "हालेलुया" ओरडले. आई रडत होती, हसत होती, अनोळखी बायकांना मिठ्या मारत होती. साळवेकाका माझ्याजवळ आले, माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "मी तुझी थट्टा केली रे. मला क्षमा कर." आणि मी त्यांना क्षमा केली. ताई बसली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. ते बाबांनी पाहिलं आणि मी पाहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. श्वास हलका झाला, आम्ही तिघांनी सवयीनं कान दिले, आणि मग तो आलाच नाही.

दफनाच्या वेळी आई रडली नाही. तिसऱ्या दिवशी ती गायकवाडमावशींकडे जाऊन मिठाची बरणी परत घेऊन आली आणि त्या संध्याकाळच्या आमटीत इतकं मीठ घातलं की ती खाववेना. पण आम्ही खाल्ली. रविवारी ती चर्चला यायची, सगळ्यांबरोबर उभी राहायची, पण गीतांचं पुस्तक उघडायची नाही. जेवणाआधी बाबा आभार मानायला डोळे मिटत, तोवर तिनं घास घेतलेला असे. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "पाळकसाहेब, लेकरं सगळ्यांचीच जातात. मी त्याला काही मागायला गेले नव्हते. त्यानं आपणहून शब्द दिला, माझ्या पोराच्या तोंडून दिला, चार माणसांत दिला. मी त्या शब्दावर ऑपरेशन नाकारलं. आता तुम्ही मला सांगा, मी त्याच्याशी काय बोलू?" पाळकसाहेब चहा घेऊन, छोटीशी प्रार्थना करून गेले. तिच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे मी, दारात बिस्किटांची ताटली घेऊन उभं होतं.

इतके दिवस मी असा का गप्प राहिलो, हे आज माझ्या मुलांना सांगताना मला नीट समजावता येत नाही. माराची भीती नव्हती. आईनं मला कधी मारलं नव्हतं. बहिणीला मीच मारलं असं आईला कळेल, ही भीती होती. ताईनं सांगितलं होतं ते मात्र मला आता रोज दिसत होतं. आई एका निरपराध्यावर रागावून बसली होती, आणि तिनं ज्याच्यावर रागवायला हवं होतं तो माणूस तिच्याच हातची भाकरी खात होता. मी प्रार्थना सोडून दिली होती. एका दुपारी ताईच्या रिकाम्या खाटेवर बसून मी पहिल्यांदा काही न पाठ करता बोललो. "तुझं नाव मी खराब केलं. मला उभं राहायला मदत कर." कुठलीही वाणी ऐकू आली नाही. काही दिसलं नाही. फक्त उठल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला सांगावंच लागणार.

पुढच्या गुरुवारी सभा आमच्या घरी होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसली होती, पाठ भिंतीला, चेहरा कोरा. साळवेकाकांनी माझं नाव घेतलं नाही, दयेनं वगळलं. मी तरी उभा राहिलो.

"मी काही पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मतलब, तेव्हा. ताईचं. मी झूठ बोललो. कॉपीत लिहून, याद करून बोललो. बाबांनी विचारलं तेव्हा पण झूठ बोललो. देवानं मला काहीच सांगितलं नव्हतं."

त्या सभेत हिंदी चालत नसे. कुणी टोकलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. आई उठली. सगळ्यांमधून चालत माझ्यासमोर येऊन थांबली.

"म्हणजे त्यानं शब्द दिलाच नव्हता?"

"नाही, आई."

"काहीच नाही? स्वप्नसुद्धा नाही?"

"नाही."

आईच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते सगळं माझ्यासाठी होतं, आणि मी ते घेतलं. मग ती मागं फिरली, उंबऱ्यापाशी गेली, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली, आणि मोठ्यानं रडायला लागली. दफनात रडली नव्हती ते रडली. रडता रडता ती बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण कुणाशी बोलत होती ते सगळ्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळपासून आई देवाशी पुन्हा बोलू लागली. माझ्याशी बोलायला तिला पाच महिने लागले. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. बाबा बोलत होते, पण त्यानंतर त्यांनी मला "खरं?" असं कधीही विचारलं नाही, आणि ते मला मौनाहून जड गेलं. मी तक्रार करत नाही. त्याच काळात मी देवावर पहिल्यांदा भिस्त ठेवायला शिकलो, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि त्याला माझ्याबद्दल नवीन कळण्यासारखं काही नव्हतं.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी ती विळा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल. तिच्या कबरीवर गवत वाढलंय." आम्ही दोघं गेलो. कमरेइतकं गवत होतं. ती एका बाजूनं कापत होती, मी दुसऱ्या बाजूनं उपटत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "तिला माहीत होतं का रे? तू खोटं बोललास ते?"

हो म्हटलं असतं तर ताईनं भीतीपायी पळवाट घेतली हेही सांगावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते तिसरं खोटं झालं असतं. मी म्हणालो, "आई, ते तिनंच तुला सांगावं."

तिचा विळा थांबला. तिनं मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हं," ती म्हणाली. "भेटल्यावर विचारीन." इंदूरच्या आत्याला भेटल्यावर विचारीन, असं सहज म्हणावं तसं. आणि पुन्हा गवत कापू लागली.

नंतर मी देवासला आलो, शाळेत गणित शिकवू लागलो, बाबा गेले, आणि आई शेवटची बारा वर्षं माझ्याकडे होती. तिनं तो प्रश्न मला पुन्हा कधीच विचारला नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला देवासहून धारला नेलं आणि ताईशेजारी ठेवलं. लोक मूठ मूठ माती टाकत होते. माझी मूठ वर झाली तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण मी कान देऊन उभा होतो. त्या दोघींचं बोलणं होईल तेव्हा मलाही तिथं असावंसं वाटत होतं, आणि ताई माझ्याबद्दल जे काही सांगेल ते मान खाली न घालता ऐकता यावं, एवढंच मी देवाकडे मागितलं.